छोट्या तांब्यातलं पाणी

चिंचेचा कोळ पितळेवर चोळला की एक आंबट, धातूचा वास सुटतो. तो बोटांना असा चिकटतो की साबणानं हात धुतले तरी दिवसभर जात नाही. आज सकाळी देवघरातली भांडी घेऊन मोरीत बसले होते. समई झाली, घंटा झाली, विभूतीचं भांडं झालं, आणि टोपलीच्या तळातून छोटा तांब्या हाताला लागला. मुठीत मावेल एवढा, गळ्याशी एक पोचा आलेला. हा तांब्या पूजेचा नाही, पण मी तो देवाच्या भांड्यांतच ठेवते. बाहेरच्या खोलीत माझा भाचा पुस्तक वाचत लोळला होता. सुट्टी लागली की तो चार दिवस माझ्याकडं राहायला येतो. आवाज त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी तांब्या हळूच घासायला घेतला, आणि हा हळूपणा हातात आला तशी बहीणही आली. ती माझ्या आठवणीत नेहमी हातांच्या वाटेनं येते, चेहरा मागून येतो.

माझी धाकटी बहीण लग्नाआधी लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स करून आली होती. मुरगूडच्या आमच्या घरात तिनं पहिल्यांदा हे सगळं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना काय शिकवायचं, तर एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकायचा. पाणी ओतायचं. सांडलं तर स्पंजनं टिपायचं. रुमालाची घडी घालायची, केळं सोलून बोथट सुरीनं कापायचं, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, पितळ घासायचं, स्वतःचे हात स्वतः धुवायचे. मी म्हटलं, "अगं, ह्याला आपल्याकडं घरकाम म्हणतात. तुमच्याकडं फी घेऊन करून घेतात एवढाच काय तो फरक." ती चिडली नाही. ती सहसा चिडायचीच नाही, आमच्या घरातला सगळा राग मी एकटीनं वाटून घेतला होता. ती म्हणाली, "अक्का, घरकाम आपल्यासाठी असतंय. हे त्याच्यासाठी हाय. त्यानं राजमा टाकला काय आन् न्हाय टाकला काय, आपलं काय अडतंय? त्याचा हात त्याचा होतोय, एवढंच."

तिचा एक नियम मला कधी जमला नाही. मुलाला दाखवताना बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं, काम अगदी सावकाश करून दाखवायचं, इतकं सावकाश की प्रत्येक बोट काय करतंय ते त्याला दिसलं पाहिजे, आणि तोंड बंद ठेवायचं. "तू बोललीस की पोरगं तुझ्या तोंडाकडं बघणार, हाताकडं न्हाय," असं ती सांगायची. मला तोंड बंद ठेवणं म्हणजे शिक्षाच. मी तिच्या वर्गात एकदा गेले होते, तेव्हा ती सतरंजीवर बसून एका चिमुरडीला पाणी ओतून दाखवत होती. तांब्या उचलला, थांबली. काठ पेल्यावर टेकवला, थांबली. मग पाण्याची बारीक धार. शेवटचा थेंब स्पंजनं टिपला. सगळा वर्ग गप्प. कोल्हापुरात इतकी माणसं एका खोलीत गप्प बसलेली मी त्याआधी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली होती. मला तेव्हा गंमत वाटली आणि थोडा हेवाही वाटला, कारण तिच्यासमोर बसलेल्या मुलांना जगात दुसरं काहीच नव्हतं.

तिचं सासर शाहूपुरीत, गुळाच्या व्यापारातलं. घरात निम्मं बोलणं मराठी, निम्मं कानडी, आणि सगळं मोठ्या आवाजात. सासूला घरात सगळे अव्वा म्हणायचे, म्हणून मीही अव्वाच म्हणायची. ह्या घरात प्रेम करायची एकच रीत होती, ती म्हणजे भरवणं. घास घेऊन पोरामागं जिन्यावरून, गॅलरीतून, गाडीच्या सीटवरून फिरायचं. पोरगं शाळेत जाईपर्यंत त्याच्या हाताला अन्न लागू द्यायचं नाही, ह्यातच घराची अब्रू. अशा घरात माझ्या बहिणीनं दोन वर्षांच्या लेकासमोर बुटका पाट मांडला, त्यावर हा तांब्या, एक पेला आणि स्पंजचा तुकडा ठेवला. अव्वा कडाडल्या, "पोरगं हाय का हाटेलातला वेटर? एवढंसं लेकरू आन् पाणी वततंय! लोक काय म्हणतील, सून बसून खातीया आन् पोराला राबवतीया." बहीण नुसती हसली. दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा मांडला. तिच्या गप्प राहण्यात एक चिवटपणा होता, त्यापुढं अव्वांचा आवाज हळूहळू थकला.

मग एकदा निपाणीहून कुणी व्यापारी आले. पोरगं आतून तांब्या घेऊन आलं, पेला भरला, दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढं उभं राहिलं आणि बोबड्या आवाजात म्हणालं, "पावनं, पानी घ्या." मग परत आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आलं. एक थेंब सांडला नव्हता. तो माणूस पेला हातात घेऊन पोराकडं बघतच राहिला. त्या दिवसापासून अव्वा बदलल्या. घरी कुणीही आलं, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असला तरी त्या आतल्या बाजूला हाक मारायच्या, "आरं, पावण्यास्नी पाणी दे की!" आणि मग पदर सावरून, जणू हे सगळं आपणच शिकवलंय अशा थाटात बसायच्या. येईल त्याला पाणी द्यायचं, हे त्या पोराच्या मनात असं बसलं की देवाच्या फोटोपुढंही तो पेला ठेवून यायचा. बहीण मला म्हणाली, "आता अव्वाच माझ्या बाजूच्या झाल्या, मला काय काळजी न्हाय." खरंच त्या वेळी कुणालाच काही काळजी नव्हती.

त्याच सुमारास तिचे हात आणखी सावकाश झाले. आता लिहिताना हे किती साधं वाटतं. भाकरी थापताना तिचा हात रेंगाळायचा, डब्याचं झाकण उघडायला ती वेळ लावायची, केसांना पिन लावताना हात खाली यायचा. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी म्हटलं असतं, हिला काय होतंय? आमच्याकडं सगळे म्हणायचे, ही तिची पद्धत. पोरगं बघतंय म्हणून ती सावकाश करते. अव्वा शेजारणीलाही तसंच सांगायच्या. बहिणीला स्वतःलाही तसंच वाटत होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. वर्षानुवर्षं मुलांसमोर हात मुद्दाम हळू चालवलेले, आता ते आपोआप हळू चालतायत तर सवयच लागली असेल. तिच्या विद्येनं तिचा आजार झाकून ठेवला.

उघडं पडलं ते बटणांच्या चौकटीवर. लाकडाची छोटी चौकट, तिच्यावर कापडाचे दोन पदर, मधे मोठमोठी बटणं. बटण काजात सरकवायचं, दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायचं, झालं. मी त्या दुपारी तिच्याकडं शेंगा घेऊन गेले होते. दोघं सतरंजीवर बसली होती, प्रत्येकाकडं एकेक चौकट. पोरानं जीभ बाहेर काढून पहिलं बटण घातलं, दुसरं घातलं, सगळी घातली. बहीण अजून पहिल्याच बटणावर होती. पोरगं आईचा हात न्याहाळत बसलं, त्याला वाटलं आई पुन्हा दाखवतेय. मलाही तसंच वाटलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि हसत म्हणाली, "अक्का, बोटं ऐकत न्हाईत गं." ते हसणं अर्ध्यावर थांबलं. पोरानं पुढं सरकून तिचं बटण घालून दिलं, "झालं" म्हणाला, आणि स्पंज आणायला पळाला, कारण काम संपलं की पुसायचं असतं.

त्यानंतरचे दवाखाने मी सांगत बसत नाही. शेवटी एका डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. हातापायांना हलवणाऱ्या नसा वाळत चालल्यात. आधी बोटं, मग हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहणार. हे थांबवणारं औषध नाही. मेहुणे टेबलाकडं बघत बसले. मला डॉक्टरांचा राग आला, देवाचा आला, त्या दवाखान्यातल्या थंड फरशीचासुद्धा आला. बहिणीनं एकच विचारलं, "पोराला कधीपर्यंत दाखवता येईल मला?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला. आपण जायच्या आत पोराचं पोराला करता यावं, पोरकं लेकरू म्हणून त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नये, ह्यापलीकडं तिला काही नको होतं. आपल्यामागं त्या घरात काय होणार ते तिला ठाऊक होतं. आई गेलेल्या पोराला सगळं घर भरवत सुटणार, आणि त्या दयेत त्याचे हात पुन्हा लुळे होणार.

मग जिथं घाई करायचीच नसते अशा कामात तिनं घाई केली. पण कशी, तर दिसू न देता. बोटांत थोडी ताकद होती तोवर बोटांची कामं काढली. बटणं, हुक, चपलेचा पट्टा, पेन्सिल धरणं. मग मनगट चालत होतं तोवर पुसणं, घासणं, ओतणं. चिंचेनं हा तांब्या घासायला तिनं त्याच दिवसांत शिकवलं, गोल गोल, आतून बाहेर. हात मांडीवर पडून राहायला लागले तेव्हा मी रोज दुपारी रंकाळ्याजवळच्या माझ्या घरून स्कूटरवर जाऊन तिचे हात व्हायची. ती खुर्चीत, मी पोराशेजारी सतरंजीवर. "हळू, अक्का. अजून हळू," असं ती म्हणत राहायची. माझ्यासारख्या धांदरटाला तिनं त्या वयात सावकाश व्हायला शिकवलं. पुढं शब्द जड झाले तेव्हा ती नुसत्या डोळ्यांनी सांगायची. पोराला त्याचं काहीच वाटलं नाही. शिकवताना आई बोलत नाही, हे त्याला आधीपासूनच माहीत होतं.

गिळणं अवघड झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पातळ काही द्यायचं नाही. पाणी तर नाहीच. पाणी चुकीच्या वाटेनं छातीत उतरतं. नाचणीची दाट पेज, घट्ट दही, एवढंच, चमच्याच्या टोकानं. अव्वांनी पोराला बजावलं, "आईला पाणी द्यायचं न्हाय हं." पण अव्वांच्या तोंडी दिवसाला शंभर गोष्टींना न्हाय असायचं, आणि त्या न्हायचा अर्थ तासाभरात बदलायचा. पोरगं अजून चार वर्षांचंही झालं नव्हतं. येईल त्याला पाणी द्यायचं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आईचे ओठ तर वाळलेले दिसत होते.

मी त्या दिवशी जिना चढत असताना ठसका ऐकला. अव्वा गॅलरीतून आत धावत होत्या. बहीण खुर्चीत पुढं कलंडलेली, चेहरा निळसर, आणि तिच्यासमोर पोरगं दोन्ही हातांत रिकामा पेला धरून उभं. शेजारी पाटावर तांब्या आणि स्पंज. खाली फरशीवर एक थेंब नव्हता. पुढचं सगळं गडबडीत गेलं. रिक्षा, दवाखाना, छातीत भरलेलं, नाकातली नळी. ती वाचली, घरी आली, पण जी घरी आली ती आधीपेक्षा फार थोडी उरली होती. एकदा आम्ही दोघीच असताना मी तिला विचारलं, कारण मला राहवलं नाही. तिची मान अजून थोडी हलत होती. "तू तोंड का वळवलं न्हाईस?" तिनं घशातून एकेक अक्षर ओढून काढलं, "त्यानं... नीट... धरलतं." मी बाहेर गॅलरीत जाऊन रडले. मला तिचा रागही आला होता, हे खोटं कशाला सांगू. एवढं शहाणपण शिकलेली बाई, आणि पोराचा पेला तिला परतवता आला नाही.

घरात पोराला कुणी रागावलं नाही. चकार शब्द कुणी काढला नाही. फक्त अव्वांनी तांब्या उचलून माळ्यावर टाकला. "ह्या घरात पोराच्या हातात परत पाणी दिसाय नको," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. तांब्या टाकताना गळ्याशी पोचा आला तो तेव्हाचा. पोरानं माळ्याकडं एकदा पाहिलं आणि मग हात खाली घेतले. शर्टाची बटणं घालायचं सोडलं. ताटापुढं बसलं की आ करायचं. आईच्या खाटेच्या जवळ जायचं नाही, दारात उभं राहायचं, आणि बसलं की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. घरातल्यांना वाटलं, आजारी आईला बघून घाबरलंय. बहिणीला काय वाटलं ते मला कळायला वेळ लागला नाही. ती त्या मांड्यांखालच्या हातांकडं बघायची आणि मग माळ्याकडं बघायची. पुन्हा हात, पुन्हा माळा. मी विचारलं, "तांब्या काढू?" तिनं डोळे घट्ट मिटून उघडले. हो म्हणायची आता तेवढीच रीत उरली होती.

अव्वांशी माझं कडाक्याचं भांडण झालं. "परत काय झालं तर? तू निभावणार हाईस व्हय?" असं त्या ओरडल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत सून निळी पडली होती. मी म्हटलं, "अव्वा, प्यायला न्हाय. हात धुवायला. तिचे हात त्यानं धुवायचे." त्या बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. मग कुणाला न सांगता त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं, गुडघे दुखत असताना वर चढल्या आणि तांब्या काढून माझ्या हातात दिला. वर धूळ बसली होती, ती त्यांनी पदरानं पुसली.

मी खाटेवर परात ठेवली, शेजारी साबण, टॉवेल, तांब्याभर कोमट पाणी. पोरगं दारातच उभं राहिलं. मी त्याला हाक मारली नाही. बहिणीचा उजवा हात परातीवर धरला आणि पाणी घातलं, हळू. थांबले. साबण लावला. थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात इतका वेळ तोंड बंद ठेवलं. अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट, मग बेचकी, मग नख. एक हात पूर्ण धुवून पुसला आणि दुसरा तसाच परातीच्या काठावर ठेवून मागं सरकून बसले. खालून गुळाच्या ढेपांचा टेम्पो रिकामा होत असल्याचे आवाज येत होते. मग त्यानं एक हात मांडीखालून काढल्यासारखा शर्टाच्या मागून पुढं घेतला. जवळ आला. तांब्या उचलला, काठ आईच्या मनगटावर टेकवला, आणि माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं बोट केलं. त्यानं आईकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून उघडले.

त्यानं तो हात धुतला. तिनं शिकवलं होतं तस्सा. प्रत्येक बोट वेगळं धरून, कुठलं चुकवलं नाही. त्या बोटांत काहीच उरलं नव्हतं, सोडली की खाली पडायची, तो पुन्हा उचलून धरायचा. टॉवेलनं पुसताना त्यानं बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या. "झालं," म्हणाला, आणि खाटेखाली वाकून थेंब सांडलाय का ते बघितलं. बहिणीचा चेहरा आता हसू शकत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं आणि मला कळलं की तिला हवं होतं ते झालं. त्यानंतर ती जाईपर्यंत रोज दुपारी त्यानं तिचे हात धुतले. शर्टाची बटणं पुन्हा स्वतः घालायला लागला. अव्वा दारात उभ्या राहून बघायच्या. ती गेली त्या सकाळीही तिचे हात कालच्या साबणाच्या वासाचे होते.

मला वाटलं होतं, इथं तरी हे संपावं. आमच्या लिंगायत रीतीनं तिला समाधी देऊन, पुरून आलो आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. घरातल्या ठसक्याची, पेल्याची गोष्ट कुठून तरी नातेवाइकांत पोचली होती, पण अर्धीच, आणि तीही सोन्यासारखी करून. हुपरीहून एक लांबची आत्या आली. पोरगं माझ्या मांडीवर बसून रुमालाची घडी घालत होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाली, "नशीब काढलं बाईनं. लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेली. असं मरण कुणाला मिळतंय? तुझ्याच हातचं पाणी घिऊन गेली रं बाबा, तुझी आई." सगळ्या बायकांनी माना हलवल्या, डोळे टिपले. तिच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं. आपल्याकडं मेलेल्या माणसाच्या नावानं बोलायचं ह्याहून गोड काय आहे? पण माझ्या मांडीवर रुमालाची घडी अर्ध्यावर थांबली ती मला जाणवली. मला त्या बाईचं तोंड दाबावंसं वाटलं. पण बोलणार काय होते? ते पाणी पिऊन ती गेली नाही, असं म्हटलं असतं तर त्या पाण्यानं काय झालं होतं, हे सांगावं लागलं असतं. नंतर येईल तो तेच म्हणायला लागला. पुढं पुढं अव्वाही तेच म्हणायला लागल्या. त्यांना त्यातून धीर येत होता, तो मी कुठल्या तोंडानं काढून घेणार? थोड्या दिवसांनी त्यांनी हा तांब्या मात्र माझ्या पिशवीत घातला. "ने बाई. मला बघवत न्हाय," म्हणाल्या.

आता तो मोठा झालाय. मिशी फुटायला अजून वेळ आहे, पण आवाज घरच्यासारखा मोठा आहे. त्याचे हात पाहावेत. कपड्यांच्या घड्या, दप्तर, सायकलची चेन, पोळ्या लाटणं, अव्वांच्या गुडघ्यांना तेल चोळणं, सगळं एकहाती आणि नीट. त्या घरात त्याला कुणीही भरवत नाही. तेवढं माझ्या बहिणीनं जिंकलं. फक्त तो कुणाला पाणी देत नाही. पाहुणे आले की त्याला काहीतरी आठवतं आणि तो आत जातो. अव्वांनी औषधाला पाणी मागितलं तर पेला भरून कट्ट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "ठेवलंय." हातात नाही देत. घरातल्यांना ते आळशीपणाचं लक्षण वाटतं, वयात येणारी पोरं अशीच, म्हणतात. मी कधी विचारलं नाही. त्याला काय आठवतं, आठवतं का लोकांच्या बोलण्यातून त्यानं रचलंय, हे मला माहीत नाही. आपण मुलांच्या हातांना काय शिकवलं ते आपल्याला सांगता येतं. त्या हातांनी आपल्यामागं काय लक्षात ठेवलं ते कुठं कळतं?

आज तांब्या घासून होत आला तेव्हा तो मोरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. चिंचेचा वास त्याच्यापर्यंत गेला असणार. माझ्यासमोर बसला, तांब्या माझ्या हातातून घेतला आणि पोच्याच्या खाचेत राहिलेली काळी रेघ बोटानं घासू लागला. गोल गोल, आतून बाहेर. मग धुतला, पुसला, उजेडात धरून बघितला. हा कुठला तांब्या, असं त्यानं विचारलं नाही, आणि आठवतो का, असं मीही विचारलं नाही. उन्हं वर आली होती, माझा घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, "बाळा, जरा पाणी दे की रे. त्याच तांब्यातनं दे." तो थांबला. मग उठला, माठातून तांब्या भरला, पेल्यात पाणी ओतलं, बारीक धार, एक थेंब सांडला नाही. पेला घेऊन माझ्यापर्यंत आला आणि माझ्या हाताच्या थोडा अलीकडं, मोरीच्या काठावर ठेवला. "ठेवलंय, मावशी," म्हणाला. पण आज तो गेला नाही. तिथंच उभा राहिला, आणि त्याचे डोळे माझ्या गळ्यावर होते.

मी ओले हात पदराला पुसले. पेला उचलला, थांबले. ओठांना लावला, थांबले. पहिला घोट घेतला आणि तो खाली उतरेपर्यंत मान थोडी वर धरली, त्याला दिसावं म्हणून. मग दुसरा. काही बोलले नाही. तोंडाकडं बघितलं की हाताकडं बघायचं राहतं, असं ती म्हणायची. मी सगळा पेला तसा प्याले, अगदी सावकाश, तळाचं पाणी संपेपर्यंत, आणि तो शेवटचा घोट उतरेपर्यंत बघत राहिला. मग रिकामा पेला मी खाली ठेवला नाही, त्याच्यापुढं धरला. बऱ्याच वेळानं त्यानं हात पुढं केला आणि तो माझ्या हातातून घेतला.